सही करण्याआधी

दिल्ली-एनसीआरमधल्या मराठी घरांत कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा विषय निघतो तो बहुधा दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी. करोल बागेत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा करणारं विट्याकडचं कुटुंब असो, आर. के. पुरममधलं केंद्र सरकारी नोकरीतलं असो, नाहीतर गुरुग्राममध्ये आयटीत काम करणारं जोडपं असो. बाई माहेरी जाणार की इथेच बाळंत होणार याची चर्चा चालू असताना कुणीतरी वडीलधारं म्हणतं, "आता दोन झाली की तिथल्या तिथे ऑपरेशनही उरकून टाका." सगळे माना डोलावतात. जिच्या पोटावर हे होणार तीही डोलावते, कारण आठव्या महिन्यात कंबर धरलेली असताना वाद घालायची ताकद कुणात असते? मग कळा चालू असताना किंवा सिझेरियनला आत नेताना एक कागद पुढे येतो आणि त्यावर सही होते.

हा लेख त्या सहीच्या आधीच्या काही महिन्यांसाठी आहे. ऑपरेशनविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आणखी मूल नको हे ज्यांचं पक्कं झालंय त्यांच्यासाठी ते खात्रीचं साधन आहे. रोज गोळी नको, दर महिन्याची धाकधूक नको. पण ते कायमचं आहे. म्हणून ते सहाव्या-सातव्या महिन्यातच, डॉक्टरांसमोर, नवऱ्याला बरोबर बसवून ठरवावं. कळा सुरू झाल्यावर नाही. सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: बाई कळा सोसत असताना किंवा गुंगीच्या औषधाखाली असताना संमती घ्यायची नाही.

आपल्याकडे हे ऑपरेशन किती सर्रास होतं ते आधी पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळजवळ निम्मं आहे. दिल्लीत मात्र पाचातल्या एकीपेक्षाही कमी, कारण इथे निरोधचा वापर पुष्कळ आहे. म्हणजे सांगली-साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंना जे अगदी स्वाभाविक वाटतं, ते शेजारच्या पंजाबी किंवा बंगाली घरात तितकं स्वाभाविक नसतं. आणि पुरुषांची नसबंदी? देशभरात ०.३ टक्के.

आधी नवऱ्याशी बोला

या ०.३ टक्क्यांमागे दिल्लीचाच इतिहास आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, तुर्कमान गेटच्या पाडापाडीच्या दिवसांत जवळच्याच दुजाना हाउसमध्ये नसबंदीचा कॅम्प चालू होता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, कित्येक जबरदस्तीने, आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. आपल्या महाराष्ट्रानेही त्याच वर्षी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मोहोर न उमटल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी या जबरदस्तीचा हिशेब चुकता केला. त्यानंतर कुठल्याच सरकारने पुरुषांच्या वाटेला फारसं जायचं धाडस केलं नाही आणि कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर सरकला. जबरदस्ती पुरुषांवर झाली, तिची किंमत पुढची पन्नास वर्षं बायका मोजत आहेत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यांच्या भाषेत वाढलेल्या माणसांनी तरी या बाबतीत जरा पुढे असायला हवं होतं.

पुरुषाचं ऑपरेशन आता बिनटाक्याचं होतं. या पद्धतीला एनएसव्ही म्हणतात. ती चीनमध्ये तयार झाली आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात तिचा प्रसार करण्यात दिल्लीच्याच मौलाना आझाद मेडिकल कॉलेजचे डॉ. आर. सी. एम. काझा पुढे होते. जागा तेवढी बधिर करतात, चाकूने कापत नाहीत, एका बारीक छिद्रातून दोन्ही बाजूंच्या वीर्यवाहिन्या बांधतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. थोडा वेळ बसवून घरी सोडतात. पोट उघडायचं नसतं, आतड्याला किंवा मूत्राशयाला इजा होण्याचा प्रश्नच नसतो. ताकद, इच्छा, ताठरता यावर परिणाम होत नाही. हे नवऱ्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. एक पथ्य मात्र कडक आहे: ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून त्यात शुक्रजंतू नाहीत याचा रिपोर्ट हातात आल्यावरच निश्चिंत व्हायचं. पुरुषाच्या ऑपरेशननंतर राहिलेल्या गर्भांपैकी बरेचसे या तीन महिन्यांतल्या निष्काळजीपणाचे असतात, आणि मग संशय बायकोवर घेतला जातो.

नवरा "मला ऑफिस आहे" म्हणाला, तर त्याला सांगा की केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला नसबंदीसाठी पाच कामाच्या दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळते. तुम्हीही केंद्राच्या नोकरीत असाल तर तुम्हाला दहा दिवसांची मिळते, आणि तुमचं ऑपरेशन असेल तर तुमची देखभाल करायला त्याला तीन. म्हणजे रजेच्या हिशेबानेही त्याचं ऑपरेशन स्वस्तात पडतं.

आणि तरीही कायमचं नको असेल तर

ऑपरेशन करायचं म्हणणाऱ्या पुष्कळ जणींना खरं तर काही वर्षांची निश्चिंती हवी असते. तांबी ३८०ए दहा वर्षं चालते आणि बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सिझेरियनच्या वेळीच बसवता येते. हार्मोन सोडणारी तांबीही मिळते. ज्यांना पाळीत खूप जातं त्यांना तिचा दुहेरी फायदा होतो, पण ती महाग आहे. सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळ्या फुकट मिळतात. 'छाया'तलं औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. यातलं प्रत्येक साधन सोडून देता येतं.

वयाचा मुद्दा इथेच सांगून टाकते. अमेरिकेत ऑपरेशन झालेल्या हजारो स्त्रियांचा पुढे १४ वर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. ज्यांचं ऑपरेशन वयाच्या तिशीच्या आत झालं होतं त्यांच्यापैकी सुमारे २० टक्के स्त्रियांनी नंतर पश्चात्ताप बोलून दाखवला. तिशीनंतर करून घेतलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याकडे बायकांचं ऑपरेशन साधारण पंचविशी-सव्विशीत होतं. या वयात मूल दगावणं, नवऱ्याचं अकाली जाणं, दुसरं लग्न, असं काहीही पुढ्यात येऊ शकतं. तुम्ही २४ वर्षांच्या असाल आणि घरचे घाई करत असतील, तर तांबी बसवून घ्या आणि तिशीनंतर पुन्हा विचार करा. घरच्यांना सांगायला उत्तर हवं असेल तर "डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय" एवढं पुरतं.

ऑपरेशनात नेमकं काय होतं

गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजनलिका असतात. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची भेट तिथेच होते. ऑपरेशनात या दोन्ही नळ्या बंद करतात. गर्भाशय तसंच राहतं, अंडाशयं तशीच राहतात, त्यामुळे हार्मोन तयार होतात आणि पाळी येत राहते. "ऑपरेशन झालं की वजन वाढतं", "कंबर कायमची जाते", "वजन उचलता येत नाही" या समजुतींना वैद्यकीय आधार नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतरचं वजन आणि कंबरदुखी ऑपरेशनच्या खात्यावर जमा होते, इतकंच. गर्भाशय काढण्याशीही याचा काही संबंध नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या होत्या. तो सगळा वेगळा आणि जास्त गंभीर विषय. पिशवी काढणं हे गर्भनिरोधाचं साधन नाही. मूल नको म्हणून कुणी ते सुचवलं तर तिथून उठावं.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. टाक्याचं, म्हणजे मिनिलॅप. यात पोटावर साधारण एक-दोन इंचाचा छेद घेतात, नळीचा एक वळसा उचलून तो बांधतात आणि बांधलेल्या भागाचा तुकडा कापून काढतात. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करायचं असेल तर हेच. गर्भाशय तेव्हा बेंबीपर्यंत वर असतं, म्हणून छेदही बेंबीखालीच घेतात. दुसरं दुर्बिणीचं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून दुर्बीण घालतात आणि प्रत्येक नळीचा वळसा ओढून त्यावर सिलिकॉनची इवलीशी रिंग चढवतात किंवा क्लिप लावतात. हे बाळंतपणानंतर सहा आठवडे उलटल्याशिवाय करत नाहीत. एरवी कधीही करायचं तर पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आतली वेळ सर्वांत चांगली, कारण गर्भ आधीच राहिलेला असण्याची शक्यता तेव्हा जवळजवळ नसते. बारा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताबरोबरही दोन्हींपैकी कुठलंही करता येतं. सिझेरियन होणार असेल तर त्याच छेदातून नळ्या बांधतात, वेगळं ऑपरेशन लागत नाही. म्हणून तर त्याबाबत आधीच ठरवणं जास्त गरजेचं.

अलीकडे काही खाजगी डॉक्टर नळ्या बांधण्याऐवजी पूर्ण काढून टाकण्याचा पर्याय देतात. अंडाशयाच्या कर्करोगाचा एक मोठा प्रकार नळीच्या टोकापाशी सुरू होतो असं आता मानलं जातं, त्यामुळे नळी काढल्याने ती भीती कमी होते. पण मग नळ्या पुन्हा जोडण्याचा मार्ग पूर्ण बंद. डॉक्टरांना विचारा, त्यांनी न सांगताच ठरवू देऊ नका.

पुन्हा जोडता येतात का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारते. येतात, कधीकधी. रिंग किंवा क्लिप लावलेली असेल आणि नळीचा पुरेसा भाग शिल्लक असेल तर शक्यता बरी. तुकडा मोठा कापला असेल तर कमी. वय वाढलं की आणखी कमी. आणि जोडलेल्या नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो. "पुढे जोडून घेऊ" असा विचार मनात असेल तर तुम्ही अजून तयार नाही असं समजा.

आधीच्या तपासण्या साध्या असतात: हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं, रक्तदाब, गर्भ नसल्याची चाचणी, पोटाची आणि आतली तपासणी. सरकारी निकषानुसार हिमोग्लोबिन निदान ७ हवं. माझ्या मते तेवढ्यावर ऑपरेशनला जाण्यापेक्षा महिना-दोन महिने लोहाच्या गोळ्या खाऊन ते चढवून घ्यावं, घाई कशाची आहे? आधीचं सिझेरियन, पोटातली जुनी ऑपरेशनं, हृदयविकार, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, कुठल्या औषधाची ॲलर्जी यातलं काही असेल तर न विचारताही सांगा. ऑपरेशनआधी सहा तास काही खायचं नाही. सरकारी रुग्णालयात बरेचदा फक्त जागा बधिर करून, जोडीला थोडं गुंगीचं इंजेक्शन देऊन काम होतं. खाजगीत पूर्ण भूल देतात. नंतर किमान चार तास लक्ष ठेवून, लघवी झाली, चालता आलं, की सोडतात. आठवडाभर जड काम नको, संबंध नको, सातव्या दिवशी टाके दाखवायचे. बाळ पाजायला काहीच अडचण नसते.

एकच गोष्ट फ्रिजवर लिहून ठेवावी अशी आहे. ताप, पोट फुगणं, वाढत जाणारं दुखणं, जखमेतून पू किंवा रक्त, उलट्या थांबत नाहीत, चक्कर: यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट न पाहता ऑपरेशन झालं तिथे किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत जायचं. आतड्याला इजा झालेली असेल तर ती पहिल्या काही दिवसांत अशीच बोलते.

कुठे करून घ्यायचं

दिल्लीत सफदरजंग, लेडी हार्डिंगशी जोडलेलं सुचेता कृपलानी, लोकनायक, दरियागंजचं कस्तुरबा, पूर्वेकडे गुरू तेगबहादुर, पश्चिमेकडे दीनदयाल उपाध्याय. एनसीआरच्या बाकी भागात त्या-त्या जिल्ह्याचं सरकारी किंवा महिला रुग्णालय. सरकारीत ऑपरेशन मोफत आहे आणि वर प्रोत्साहनपर रक्कम बँकेत येते. ती राज्यागणिक वेगळी असते. हरियाणा आणि उत्तर प्रदेशात दिल्लीपेक्षा जास्त. त्या रकमेसाठी नोएडाहून दिल्ली किंवा दिल्लीहून नोएडा करण्यात अर्थ नाही. घराजवळचं रुग्णालय बघा, कारण सातव्या दिवशी टाके दाखवायला मेट्रोत उभं राहून जायचंय. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरांना सीजीएचएसचा दवाखाना पुढची चिठ्ठी देतो.

कॅम्प टाळा. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका कॅम्पात एकाच दिवशी ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि पुढच्या काही दिवसांत १३ जणी गेल्या. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं उरकली होती. त्यावरून देविका बिस्वास यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना तीन वर्षांत कॅम्प बंद करा असं सांगितलं. आता रुग्णालयांत ठरलेल्या वारी ऑपरेशनं होतात. तरी ११ जुलैच्या लोकसंख्या दिनाच्या पंधरवड्यात आकडे गाठायची घाई असते; तुमच्या सोयीने महिना पुढे ढकलता येत असेल तर ढकला. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, आज किती आहेत? मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका सर्जनने दिवसाला तीसपेक्षा जास्त करायची नाहीत.

खाजगीत करणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा. एक, हे रुग्णालय सरकारच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमासाठी मान्यताप्राप्त आहे का? असेल तर अपयश किंवा गुंतागुंत झाल्यास सरकारी भरपाई मिळते, नसेल तर नाही. दोन, विमा. जवळजवळ प्रत्येक मेडिक्लेम पॉलिसीत गर्भनिरोधन आणि नसबंदीचा खर्च वगळलेला असतो. विमा नियामकाच्या ठरावीक वगळण्याच्या यादीतच तो आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत सिझेरियन बसत असलं तरी नळ्या बांधण्याचा वेगळा आकार बिलात दिसला की तेवढा कापला जातो. एचआरला मेल टाकून लेखी उत्तर घ्या.

नोकरदार बायकांसाठी आणखी एक, जे बहुतेक एचआरलाही ठाऊक नसतं: मातृत्व लाभ कायद्यात १९९५ च्या दुरुस्तीने स्त्रीच्या नसबंदीनंतर दोन आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. ही बाळंतपणाच्या रजेहून वेगळी. बाळंतपणात नव्हे, नंतर कधीतरी ऑपरेशन करणाऱ्यांना ती उपयोगी पडते.

संमतीपत्र

सरकारी संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असायला हवं. दिल्लीत ते हिंदीत पुढे येतं, हिंदी वाचता आली तरी सरकारी हिंदी अंगावर येते. कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. त्यात काय असतं ते सांगते. मी विवाहित आहे किंवा होते, माझं वय इतकं, मुलं इतकी. गर्भनिरोधाची इतर साधनं मला समजावून सांगितली आहेत. हे ऑपरेशन कायमचं आहे. नळ्या पुन्हा जोडता येतात पण यशाची खात्री नाही. ऑपरेशन क्वचित अयशस्वी होऊ शकतं. पाळी चुकली तर मी दोन आठवड्यांत येऊन कळवेन आणि मला मोफत गर्भपात करून घेता येईल. ठरलेली भरपाई मला मान्य आहे. शेवटी सही किंवा अंगठा, अंगठा असेल तर साक्षीदार. यातल्या पाळीच्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचा.

नवऱ्याची सही लागत नाही. मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे, तरी काउंटरवरच्या बाई "पती को बुलाओ" म्हणतात. शांतपणे वरच्या डॉक्टरांकडे जा. तुमच्याऐवजी नवऱ्याने किंवा सासूने सही केली तर ती संमतीच नव्हे. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यानेही त्या व्यक्तीच्या स्वतःच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया करायला मनाई केली आहे. १९९४ साली पुण्याच्या ससूनमध्ये मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली तेव्हा ही ढाल नव्हती.

सरकारी निकष असे: वय २२ ते ४९, एकदा तरी लग्न झालेलं, निदान एक मूल आणि ते वर्षाहून मोठं, नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं नसावं. मूल नसलेल्या किंवा लग्न न केलेल्या स्त्रीला सरकारी कार्यक्रमात हे ऑपरेशन बहुधा नाकारलं जातं. खाजगी डॉक्टरला ते करण्यापासून रोखणारा कायदा नाही, पण बरेच जण नको म्हणतात. गुरुग्राम-नोएडातल्या अशा मैत्रिणींना माझा सल्ला: दोन-तीन डॉक्टर पाहा, निर्णय लेखी द्या, वाद घालत बसू नका.

पाळी चुकली तर

दर हजार बायकांमागे पहिल्या वर्षी साधारण पाच जणींना ऑपरेशननंतरही गर्भ राहतो. दहा वर्षांत हा आकडा अठरापर्यंत गेल्याचं अमेरिकेतल्या त्याच अभ्यासात दिसलं. आणि असा गर्भ राहिला तर तो नळीतच अडकण्याची शक्यता मोठी, सुमारे तिसरा हिस्सा. नळीतला गर्भ फुटला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली असली तरी पाळी चुकली की घरीच चाचणी करा, आणि पोटात एका बाजूला दुखत असेल, खांद्यात कळ येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर चाचणीचीही वाट न पाहता रुग्णालयात जाऊन पहिल्याच वाक्यात सांगा: माझं ऑपरेशन झालेलं आहे आणि पाळी चुकली आहे. गर्भ गर्भाशयात असेल आणि नको असेल तर गर्भनिरोधक साधन फसणं हे गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे.

अपयश म्हणजे प्रत्येक वेळी डॉक्टरची चूक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात हे सांगितलं. पण चूक असेल तर ती सिद्ध होते. गुरुग्रामच्याच सरकारी रुग्णालयात १९८८ साली सात मुलांच्या आईचं, एका मजूर बाईचं ऑपरेशन झालं. सर्टिफिकेट मिळालं. पुढे तिला मुलगी झाली. चौकशीत निघालं की फक्त उजवी नळी बांधली होती, डावीला हातही लावला नव्हता. सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं. २४ एप्रिल २००० च्या निकालात न्यायालयाने तिला ५४,००० रुपये आणि व्याज देण्याचा आदेश कायम केला. ते सर्टिफिकेट तिच्याकडे होतं, रुग्णालयाची नोंद होती, म्हणून ती कोर्टात उभी राहू शकली.

म्हणून सर्टिफिकेट मागून घ्या. ते साधारण महिनाभराने किंवा पहिली पाळी आल्यावर मिळतं आणि माहेरी ऑपरेशन करून घेतलेल्या बहुतेक जणी तोवर दिल्लीला परत आलेल्या असतात. माहेरी ऑपरेशन झालं असेल तर निघण्याआधी संमतीपत्राची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक यांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये घ्या, नवऱ्याच्या नव्हे. सर्टिफिकेट आईला किंवा भावाला आणायला सांगा. सरकारी भरपाईची योजना २००५ पासून आहे आणि २०१६ च्या निकालानंतर तिच्या रकमा दुप्पट झाल्या: अपयशासाठी ६०,००० रुपये, गुंतागुंतीच्या उपचारासाठी ५०,००० पर्यंत, घरी सोडल्यापासून सात दिवसांच्या आत मृत्यू झाल्यास चार लाख, आठ ते तीस दिवसांत झाल्यास एक लाख. दावा घटना कळल्यापासून ९० दिवसांत करायचा आणि तो ऑपरेशन जिथे झालं त्या जिल्ह्यात. म्हणजे ऑपरेशन विट्याला झालं असेल आणि गर्भ राहिल्याचं सफदरजंगला कळलं, तर अर्ज सांगलीला. सफदरजंगच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी जोडून तो अर्ज पोस्टाने न पाठवता माणसाच्या हाती पाठवा आणि पोच घ्या.